विद्यापीठांसाठी जादा कर भरायला तयार झालेल्या कंपन्या : वॉशिंग्टन राज्याचा २०१९चा कायदा आणि आपण

देवदार

नमस्कार मंडळी. मी सिएटलजवळ बॉथेलला राहते. इथल्या मराठी घरात मूल बारावीला असलं की एकच विषय असतो : युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या कॉम्प्युटर सायन्सला नंबर लागेल का? त्या जागांचे पैसे कोण देतं, हे मात्र त्या चर्चेत कधीच निघत नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं, म्हणून हा धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी इथली पार्श्वभूमी. वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, वायव्येकडचं राज्य. २०१९ साली इथे पगारावर राज्याचा आयकर नव्हता. राज्य चालायचं विक्रीकर, मालमत्ता कर आणि धंद्याच्या उलाढालीवरचा कर यांवर. हा शेवटचा कर नफ्यावर नसतो, एकूण उलाढालीवर असतो. म्हणजे तोट्यातल्या दुकानालाही तो चुकत नाही.

२००८ची मंदी आली आणि राज्याने विद्यापीठांचं अनुदान कापलं. विद्यापीठांनी ती तूट फीमधून भरून काढली. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये राज्यातल्याच मुलांची फी चार-पाच वर्षांत जवळजवळ दुपटीवर गेली. २०१५मध्ये विधिमंडळाने ती थोडी खाली आणली, पण गरजू मुलांच्या अनुदान योजनेत पैसा पुरत नव्हताच. दरवर्षी हजारो मुलांना एकच उत्तर मिळायचं : तुम्ही पात्र आहात, पण निधी संपला.

या काळात कंपन्यांनी दोन निरनिराळ्या गोष्टी केल्या.

पहिली २०११ची. मायक्रोसॉफ्ट आणि बोइंग यांनी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर शिष्यवृत्तीसाठी जाहीर केले आणि राज्याने डॉलरला डॉलर घालायचं ठरलं. विज्ञान, तंत्रज्ञान, आरोग्य या शाखांतल्या मुलांना त्यातून मदत मिळते. योजना चांगली आहे, आजही चालू आहे. पण ही झाली देणगी.

दुसरी २०१९ची. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी सिएटल टाइम्समध्ये लेख लिहून उच्च शिक्षणासाठी सेवाक्षेत्रातल्या धंद्यांवर जादा कर लावावा, आणि त्यांच्यासारख्या सर्वांत मोठ्या कंपन्यांवर तो जास्त दराने लावावा, अशी मागणी केली. मे महिन्यात गव्हर्नर जे इन्स्ली यांची सही होऊन कायदा झालासुद्धा. डॉक्टर, वकील, अभियंते, सल्लागार अशा सेवांच्या करावर २० टक्के अधिभार. जगभरातली उलाढाल २५ अब्ज डॉलरच्या वर असलेल्या संगणक कंपन्यांना ३३.३ टक्के, १०० अब्जांच्या वर असलेल्यांना ६६.७ टक्के. हा पैसा एका वेगळ्या खात्यात जायचा आणि तो उच्च शिक्षणावर, कौशल्य शिक्षणावरच खर्चायचा.

त्यातून काय झालं? गरजू मुलांचं अनुदान हा हक्क झाला. २०२०-२१ पासून पात्र मूल आणि निधी संपला, हा प्रकार बंद. राज्याच्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या ५५ टक्क्यांपर्यंतच्या घरांना पूर्ण मदत आणि पुढे उत्पन्नाप्रमाणे उतरती, अशी रचना ठरली. चार वर्षांच्या विद्यापीठाबरोबर कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) आणि कारागिरीची उमेदवारी, म्हणजे काम करत शिकणंही त्यात बसतं. शिवाय प्राध्यापकांसाठी पैसा आला. नर्सिंगचं उदाहरण बघा. रुग्णालयात नर्सला जेवढा पगार मिळतो तेवढा कॉलेजात शिकवून मिळत नव्हता, त्यामुळे शिकवणारं कुणी नाही आणि म्हणून जागाही वाढत नाहीत. या निधीतून नर्सिंगच्या शिक्षकांचे पगार वाढवले गेले.

मला सांगायचंय ते हेच. कंपनीची देणगी इमारत उभी करते, शिष्यवृत्ती देते, प्रयोगशाळेला यंत्र देते. शिक्षकाचा पगार दर महिन्याला, दर वर्षी, पुढची तीस वर्षं द्यायचा असतो. तो सरकारच्या अंदाजपत्रकातूनच येऊ शकतो. म्हणून उद्योजकाने सरकारी विद्यापीठाला द्यायची सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे विधिमंडळासमोर उभं राहून घेतलेली जाहीर भूमिका : यावर खर्च करा, आम्ही आमचा वाटा भरतो.

आता हे मराठी संस्थळावर का? मी सांगलीच्या वालचंद कॉलेजची. आमच्या शिक्षकांचा पगार महाराष्ट्र शासनाच्या अनुदानातून व्हायचा, माझी फी त्या खर्चाच्या मानाने नगण्य होती. मग मी एच-वन-बीवर इथे आले. त्या व्हिसाच्या अर्जासोबत इथल्या कंपनीला १५०० डॉलरचं एक वेगळं शुल्क भरावं लागतं (पंचवीसपर्यंत माणसं असलेल्या छोट्या कंपनीला ७५०). १९९८च्या कायद्याने हे शुल्क आलं. त्यातून अमेरिकन मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या आणि इथल्या कामगारांना प्रशिक्षण मिळतं. म्हणजे मला नोकरी दिल्याबद्दल कंपनीने अमेरिकेतल्या शिक्षणाला पैसे दिले. मला जिने घडवलं त्या सांगलीतल्या व्यवस्थेला काही द्यावं, असं कुठल्या कायद्यात नाही. हे माझ्या मनात बरीच वर्षं घर करून आहे.

तुमच्याकडे काय चित्र आहे? उद्योजक सरकारी शिक्षणासाठी कधी बोलतात का?


कोकणकडा

लेख आवडला, पण कौतुकाला थोडा आवर घालावा असं वाटतं.

ज्या बोइंगने २०११ला अडीच कोटी डॉलर दिले, तिच्यासाठी २०१३मध्ये याच राज्याने विमान उद्योगाच्या करसवलती २०४०पर्यंत वाढवल्या. त्यांची अंदाजी किंमत होती ८.७ अब्ज डॉलर. दोन आकडे शेजारी ठेवा. तिजोरीतून अब्जांची सूट आणि शिष्यवृत्तीला कोटींची देणगी. मग विद्यापीठाला अनुदान कमी का पडलं, हा प्रश्न कुणाला विचारायचा?

२०१९च्या कायद्यातही मोठ्या कंपन्यांसाठी वरची मर्यादा होती, वर्षाला ७० लाख डॉलर. मायक्रोसॉफ्टच्या आकाराच्या कंपनीला ही रक्कम जाणवणारही नाही. जाणवला तो दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवणाऱ्या दंतवैद्याला. टक्का कमी असला तरी त्याच्या उलाढालीवर कर बसला आणि वर मर्यादा काही नाही.


देवदार

कोकणकडा, दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. बोइंगची सवलत इथल्या लोकांनाही खुपली होती. (विमान उद्योगाचा तो सवलतीचा दर पुढे २०२०मध्ये रद्द झाला. जागतिक व्यापार संघटनेतल्या भांडणामुळे बोइंगलाच तो नकोसा झाला होता.)

दंतवैद्याची तक्रार वर्षभरात ऐकली गेली. २०२०मध्ये कायदा बदलला. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्यांना जुनाच दीड टक्का, त्यावरच्यांना पावणेदोन टक्के. मोठ्या संगणक कंपन्यांचा अधिभार करावर मोजण्याऐवजी उलाढालीवर १.२२ टक्के ठरला आणि त्याची मर्यादा ९० लाखांवर नेली. आणि १ जानेवारी २०२६ पासून तीच मर्यादा साडेसात कोटी डॉलर झाली, अधिभाराचा दर १.२२ वरून ७.५ टक्के.

हा शेवटचा आकडा पाहून मला देणगी आणि कर यांतला फरक आणखी पटला. देणगी किती द्यायची ते देणारा ठरवतो. कर एकदा कायद्यात आला की किती घ्यायचा ते लोकांचे प्रतिनिधी ठरवतात. दंतवैद्याचा कर उतरला, मोठ्यांचा चढला. देणगीच्या बाबतीत असं कोण करू शकलं असतं?


भीमथडी

मी पुण्यात एका मध्यम आयटी कंपनीत वित्त विभाग बघतो. जरा आमची बाजूही ऐका.

आयकरावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर आम्ही भरतोच. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने करायचा सामाजिक खर्च), तोही भरतो. त्यात शिक्षण हा सगळ्यांच्या आवडीचा विषय. आता आणखी कर मागा असं आम्हीच म्हणायचं? संचालक मंडळासमोर हा ठराव मांडणाऱ्याला पहिला प्रश्न येईल, आधीचा उपकर कुठे गेला? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि उपकराचं दुखणं आणखी वेगळं आहे. उपकर केंद्राकडे राहतो, राज्यांना वाटून द्यायच्या करात तो धरला जात नाही. पुणे विद्यापीठातल्या किंवा जालन्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकाचा पगार मात्र राज्याने द्यायचा. पैसा एका तिजोरीत जातो, खर्च दुसऱ्या तिजोरीतून होतो.


जुनी वही

भीमथडी, तुमच्या पगारपत्रकातच महाराष्ट्राचं उत्तर आहे. व्यवसाय कर. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. आपण सगळे तो आकडा बघतो आणि पुढे जातो.

हा कर १९७५ला आला. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि तिला कायमचा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने थोडं थोडं द्यायचं आणि त्यातून माणदेशातल्या, मराठवाड्यातल्या मजुराला खडी फोडायचं का होईना पण हक्काचं काम मिळायचं, अशी ती व्यवस्था. १९७७च्या कायद्याने रोजगाराचा हक्क आला आणि निधीही बांधला गेला. या करांतून जितकं येईल तितकंच सरकारने आपल्या पदरचं घालायचं, हेही ठरलं.

म्हणजे वॉशिंग्टनने २०१९ला केलं त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी महाराष्ट्राने एका वेगळ्या कामासाठी हे करून दाखवलंय : ठरावीक कर, ठरावीक काम, कायद्याने मिळालेला हक्क. उद्योगांनी आणि नोकरदारांनी तो कर भरला, राज्य बुडालं नाही. तेव्हा हे आपल्याकडे जमणार नाही, असं निदान मराठी माणसाने म्हणू नये.

सावध मात्र राहायला हवं. अशा बांधीव निधीचं एक दुखणं सगळीकडे सारखं असतं. नवीन पैसा आला की सरकार जुना पैसा हळूच काढून घेतं. खातं भरलेलं दिसतं, कॉलेजच्या हातात तेवढंच पडतं. देवदारताई, तुमच्याकडे याला काही आळा आहे का?


देवदार

जुनी वही, व्यवसाय कराची ही आठवण फार मोलाची. आमच्या या खात्यावर लक्ष ठेवायला कायद्यानेच एक मंडळ नेमलंय. त्यात उद्योग, कामगार, विद्यापीठं आणि विद्यार्थी यांचे प्रतिनिधी आहेत. पण अंदाजपत्रक शेवटी विधिमंडळाचंच. तूट आली की सगळ्याच खात्यांकडे हात जातो. म्हणूनच कंपन्यांनी कर भरून गप्प बसता कामा नये, दर अधिवेशनात हिशेब मागायला हवा, असं मला वाटतं.


तासिका

खूप दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते.

मी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर. नेट आहे, पीएचडी आहे. विभागातल्या मंजूर पदांपैकी निम्म्याहून जास्त रिकामी आहेत, ती जागा आम्ही तासिकावाले भरतो. जितके तास, तितकं मानधन. परीक्षा, दिवाळी, उन्हाळा यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. जे मिळतात त्यांचं बिल निघायला कित्येक महिने लागतात. मानांकनाची समिती आली की फायली आम्हीच करतो, प्रयोग आम्हीच घेतो, सहीच्या जागी नाव दुसऱ्याचं.

आमच्या प्रयोगशाळेत एका कंपनीने सीएसआरमधून स्पेक्ट्रोफोटोमीटर दिलाय. उद्घाटनाला मोठी माणसं आली, फोटो निघाले, भिंतीवर पितळी पाटी लागली. दोन वर्षं छान चालला. मग त्याचा ड्युटेरियमचा दिवा गेला. तो दिवा ठरावीक तासांनी बदलावाच लागतो, स्वस्त नसतो. देखभालीचा पैसा देणगीत धरलेला नव्हता. यंत्र सांभाळणारे प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले, त्यांचं पद भरलंच नाही. आता यंत्रावर कापड घातलेलं आहे आणि मुलं फळ्यावर काढलेला आलेख वहीत उतरवून घेतात.

देणगी देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनी मनापासून दिलं. पण त्या दिवशी आलेल्या साहेबांपैकी एकाने जरी प्राचार्यांना विचारलं असतं, की हे चालवणार कोण, आणि ते पद का भरलं नाही म्हणून मंत्रालयात एक पत्र पाठवलं असतं, तर त्या यंत्राच्या किमतीपेक्षा त्या पत्राचं मोल जास्त झालं असतं. आम्ही मोर्चे काढतो, आझाद मैदानात बसतो. आमचं ऐकू येत नाही. कारखानदाराचं ऐकू येतं.


अबोली

तासिकाताई, वाचून वाईट वाटलं. माझी मुलगी तुमच्यासारख्याच एका मॅडमकडे शिकली. तिला एमएस्सीची गोडी त्यांच्यामुळेच लागली, आणि त्या पुढच्या वर्षी दिसल्या नाहीत.

एक भर घालते. २०२४-२५ पासून आपल्या सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय उत्तम. आमच्या शेजारच्या दोघी त्यामुळेच इंजिनिअरिंगला गेल्या. पण फीमाफी म्हणजे सरकारने कॉलेजला तेवढी रक्कम द्यायची. ती वेळेवर पोचली नाही तर कॉलेज ओढाताण करणार आणि ती ओढाताण शेवटी मुलींवरच येणार. हक्क जाहीर करायचा आणि पैशाची तजवीज पक्की करायची, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात हव्यात, हे वॉशिंग्टनच्या उदाहरणावरून मला नीट कळलं.


सुरंगी

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. आमच्याकडचं उदाहरण आणखी जुनं आहे.

नोव्हेंबर २०००मध्ये इथे ३.१ अब्ज डॉलरच्या रोख्यांवर मतदान झालं. अडीच अब्ज राज्य विद्यापीठाच्या सोळा शाखांना, ६० कोटी कम्युनिटी कॉलेजांना. उद्योग जगत त्या प्रचारात उघडपणे उतरलं होतं. ७३ टक्के मतं बाजूने पडली आणि राज्याच्या शंभरच्या शंभर काउंट्यांत ठराव पास झाला. ज्या राज्यात तंबाखू, कापड आणि फर्निचर हे तिन्ही धंदे ओसरत चालले होते, तिथल्या खेड्यातल्या माणसानेही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला मत दिलं. रिसर्च ट्रँगल पार्क, म्हणजे विद्यापीठांच्या आधाराने उभं राहिलेलं कंपन्यांचं संशोधन संकुल, १९५९पासूनचं. विद्यापीठं टिकली तरच कंपन्या येतात, हे इथे दोन पिढ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

देवदारच्या मुद्द्याला माझा दुजोराच आहे. रोख्यातून इमारती झाल्या, नव्या प्रयोगशाळा झाल्या. पुढे २००८नंतर चालू खर्चाला कात्री लागली तेव्हा नव्या इमारतींत वर्ग मोठे आणि शिक्षक थोडे, अशी पाळी आली. इमारतीसाठी सगळे एकत्र येतात. पगारासाठी पुन्हा पुन्हा एकत्र यावं लागतं, आणि ते अवघड असतं.


खडीसाखर

महाराष्ट्रात उद्योजकांनी काही केलंच नाही असं कुणाला वाटू नये, म्हणून थोडा इतिहास.

मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची. कापड गिरण्यांना हुशार जॉबर आणि तंत्रज्ञ हवे होते, दर वेळी लँकेशायरहून माणूस आणणं परवडत नव्हतं. दिनशा पेटिट आणि इतर गिरणीमालकांनी मदत केली, सरकारनेही अनुदान दिलं. रिपन टेक्सटाइल स्कूल हा तिचाच भाग. रसायन तंत्रज्ञान शिकवणारी माटुंग्याची यूडीसीटी, आताची आयसीटी, १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. आज आपल्याकडचे रंग, औषधं, कीटकनाशकं यांचे कितीतरी कारखाने तिथल्या विद्यार्थ्यांनी काढलेत. केकी घरडा तिथलेच, मुकेश अंबानी तिथलेच. सांगलीचं वालचंद १९४७चं, आधी धोंडूमामा साठ्यांनी काढलेलं, नंतर वालचंद घराण्याच्या देणगीने नाव मिळालेलं. पुण्याचं गरवारे, मुंबईचं रुईया. नावं व्यापाऱ्यांची आणि उद्योजकांची, पगार बहुतांशी सरकारी अनुदानातून. ही जोडी फार चांगली होती आणि आपल्यातले बहुतेक जण तिच्यावरच शिकलो.

ती तुटली १९८३ला, असं माझं मत. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा भराभर वाढल्या, तेही गरजेचं होतं. १९८७ला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, यावरून काय चाललं होतं ते समजतं. पण माझ्या मते सर्वांत मोठा बदल श्रीमंत घरांच्या मनात झाला. पैसेवाल्यांची मुलं सरकारी आणि अनुदानित कॉलेजातून बाहेर पडली. मूल जिथे शिकत नाही, त्या कॉलेजच्या रिकाम्या पदांची चिंता बाप कशाला करेल? आज ज्याच्याकडे पैसा आहे तो स्वतःचं खासगी विद्यापीठ काढतो. सरकारी विद्यापीठासाठी बोलणारा उद्योजक मला तरी दिसत नाही.


फाउंड्रीवाला

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. ट्रॅक्टर आणि ट्रकचे कास्टिंग. साठेक माणसं आहेत. धागा सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला.

आमच्याकडे डिप्लोमा झालेली पोरं येतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. व्हर्निअर धरता येतो, ड्रॉइंग वाचता येतं. पण कास्टिंग कापून समोर ठेवलं की यातला ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक) कुठला आणि श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) कुठला, हे सांगता येत नाही. का? तर कॉलेजात ओतकाम कुणी दाखवलेलंच नसतं. शिकवणारे सर गेस्ट लेक्चरर, एका वर्षासाठी. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर रिटायर झाले, जागा रिकामी. वाळूची ओल मोजायचं उपकरण कपाटात कुलपात. मग मी त्या पोराला सहा महिने पगार देऊन शिकवतो, आणि तो तयार झाला की चाकणची मोठी कंपनी उचलते. पोराला दोष देत नाही, त्याने जावंच. पण ज्या शिक्षणाचा फायदा चाकणला, पुण्याला, सगळ्या राज्याला होतो, त्याचा खर्च एकट्या शिरोलीच्या फाउंड्रीने कसा पेलायचा? म्हणूनच ते सरकारी कॉलेजात व्हायला पाहिजे आणि त्याचा पैसा सगळ्यांच्या करातून आला पाहिजे. हे मला धंद्याच्या हिशेबानेच पटतं, उपकार म्हणून नव्हे.

आमच्या असोसिएशनमधून दरवर्षी सरकारकडे निवेदन जातं. वीजदर, शेजारच्या कर्नाटकाशी तुलना, रस्ते, पाणी, जीएसटीचे परतावे. मी स्वतः तीन-चार निवेदनांवर सही केलीय. पॉलिटेक्निकच्या रिकाम्या पदांवर त्यात कधी एक ओळ नव्हती. कुणाचा विरोध होता असं नाही. विषयच निघाला नाही.


भीमथडी

फाउंड्रीवाला साहेब, तुमचं सहा महिन्यांचं गणित आमच्याकडेही आहे. आम्ही त्याला ट्रेनिंग म्हणतो, बाकावर बसवून तीन-चार महिने पगार देतो. हा खर्च ताळेबंदात दरवर्षी दिसतो. तो जर संचालकांसमोर सरकारी कॉलेजातल्या रिकाम्या पदांच्या शेजारी मांडला, तर चर्चा होऊ शकेल. मी नुसता उपकराचा राग धरून बसलो होतो, या बाजूने विचार केला नव्हता. तरी माझी अट कायम आहे : पैसा मागताना हिशेबही मागायचा. कुठल्या कॉलेजात किती मंजूर पदं, किती भरली, दर सहा महिन्यांनी जाहीर करा. हे असलं तर मी कर वाढवायच्या बाजूने बोलेन.


कोकणकडा

यावर माझं जमतं. आणि तुलना करायची तर करसवलतींशीही करा. राज्य नव्या कारखान्यांना प्रोत्साहन योजनेतून परतावे देतं. त्या यादीशेजारी त्याच जिल्ह्यातल्या सरकारी तंत्रनिकेतनाच्या रिकाम्या पदांची यादी लावा. उद्योजकाने सवलत मागताना दुसऱ्या यादीचाही आग्रह धरला, तर त्याच्या बोलण्याला वजन येईल. वॉशिंग्टनमध्ये मला खटकलं ते हेच, दोन्ही हिशेब वेगवेगळ्या टेबलांवर होत होते.


तासिका

फाउंड्रीवाला दादा, तुमची ती शेवटची ओळ मी आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. विषयच निघाला नाही. तुमच्या असोसिएशनला आकडे हवे असतील तर मी मिळवून देईन. विद्यापीठाच्या अहवालात आणि माहितीच्या अधिकारात मंजूर आणि भरलेली पदं मिळतात. प्राध्यापक संघटनेकडेही असतात, पण संघटनेने पाठवले की ते मागणीपत्र ठरतं. तुमच्याकडून गेले तर ती उद्योगाची गरज ठरेल.


देवदार

दिवसभरात इतकं सगळं आलं, मनापासून आभार. मला सर्वांत उपयोगी वाटलं ते इथलं उदाहरण बाजूला पडून जुनी वहींचा व्यवसाय कर आणि फाउंड्रीवाला यांचं निवेदन पुढे आलं हे.

आम्हा बाहेरच्यांसाठी एक विनंती. आपण माजी विद्यार्थी म्हणून कॉलेजला पैसे पाठवतो, बहुतेक वेळा सभागृहासाठी किंवा आपल्या बॅचच्या नावाच्या खोलीसाठी. ते पाठवताना प्राचार्यांना रिकाम्या पदांची यादी मागा आणि देणगीच्या पत्राची एक प्रत उच्च व तंत्रशिक्षण खात्याला पाठवा, की आम्ही इतकं देतोय, तुम्ही ही पदं कधी भरताय? शंभर जणांनी हे केलं तर फाइल हलते. आणि जी देणगी द्याल तिच्यात देखभालीचे पैसे वेगळे काढून ठेवा. तासिकाताईंच्या त्या दिव्यासाठी मी त्यांना व्यनि करतेय.


फाउंड्रीवाला

पुढच्या महिन्यात असोसिएशनची बैठक आहे. निवेदनात घालायला दोन मागण्या लिहून काढल्या आहेत, मंडळींनी बघून सुधारणा सुचवाव्यात.

एक : जिल्ह्यातल्या सरकारी तंत्रनिकेतनातली आणि आयटीआयमधली मंजूर पदं कायमस्वरूपी भरावीत, आणि भरलेल्या-रिकाम्या पदांचा तक्ता वर्षातून दोनदा प्रसिद्ध करावा.

दोन : तंत्रशिक्षणासाठी राज्यात बांधीव निधी उभारावा. त्यासाठी ठरावीक उलाढालीच्या वरच्या उद्योगांवर अधिभार लावायला आमची हरकत नाही. छोट्या युनिटला सूट असावी, जितका अधिभार जमेल तितकीच रक्कम सरकारने घालावी आणि आधीचं अनुदान कमी करू नये.

दुसऱ्या मागणीवर बैठकीत वाद होणार, हे नक्की. उलाढालीची मर्यादा किती ठेवावी? पाच कोटी म्हटलं तर मी स्वतः त्यात येतो. मला चालेल, पण शेजारच्या गाळ्यातल्या पॅटर्नवाल्याला चालणार नाही. भीमथडी साहेब, तुम्ही हिशेबातले आहात. जरा आकडा सुचवा.